बंबातली बिअर

परवा रविवारी दुपारी भाच्याने मला बिअर प्यायला नेलं. त्याला 26वं लागलंय आणि महाराष्ट्रात बिअरला 21 पुरतात, तेव्हा ताईने हे वाचलं तरी हरकत नाही.

समोर लाकडाची फळी आली. तिला खाचा, खाचांत सहा छोटे ग्लास. पंचामृताच्या वाट्या मांडाव्यात तसे ओळीने. पिवळा, गढूळ पिवळा, तांबूस, पार काळा. सोबत एक कार्ड होतं. त्यावर कुठल्याशा ग्लासापुढे ‘ताज्या कापलेल्या गवताची चव’ असं छापलेलं. मला या कार्डांचा मनापासून राग आहे. गवत खाल्लंय कोणी?

हेफेवायझेन म्हणजे ती गव्हाची जर्मन बिअर. तिला केळ्याचा आणि लवंगेचा वास येतो. आत ना केळं असतं, ना लवंग. सगळी करामत यीस्टची. आता हा वास मला कसा समजला? तर नाकाजवळ ग्लास नेला आणि सत्यनारायणाचा शिरा आठवला. केळं घातलेला, द्रोणातला, जरासा गार झालेला. हे कार्डावर कोणी लिहिणार नाही. लाइपझिगकडे गोझे नावाची आंबट बिअर करतात, तिच्यात चक्क मीठ आणि धणे असतात. म्हणजे पंगतीतला मठ्ठाच की! आल्याचा तुकडा तेवढा राहिला. बव्हेरियात 1516 साली नियम झाला, की बिअरमध्ये जव, हॉप्स (ती कडवट फुलं) आणि पाणी यांखेरीज काही घालायचं नाही. यीस्टचं नावच नाही त्यात. बरोबर आहे, दह्याच्या कृतीत विरजण कोण लिहितो? ते घरात असतंच.

मला शिफारस करायचा रोग आहे. ‘हे घेऊन बघ’ म्हणायचं आणि मग आपला ग्लास तसाच ठेवून समोरच्याचं तोंड बघत बसायचं. आधी भुवया, मग ओठांचे कोपरे. बायको म्हणते, लोकांना सुखाने पिऊ दे. पण हे माझ्याकडे आजीकडून आलंय.

आजोळ देवळाली कॅम्पला. आजी नैवेद्याचा स्वयंपाक करायची आणि नैवेद्याची चव घ्यायची नसते. मीठ हाताच्या अंदाजाने, बाकीचं वासावर. देवापुढे ताटाभोवती पाणी फिरलं, की पहिला घास मला. ती पदराला हात पुसत समोर उभी, आणि नजर माझ्या भुवयांवर. एकदा आमटीत मीठ दोनदा पडलं होतं. मी ‘छान’ म्हणालो, अगदी मान डोलवून. ती एक शब्द बोलली नाही. आत गेली आणि पातेल्यात बटाट्याच्या फोडी पडल्याचा आवाज आला.

देवळालीवरून आठवलं. इंग्रजांच्या काळात मायदेशी परतणारे गोरे सोजीर तिथल्या छावणीत बोटीची वाट बघत पडून असायचे. काम नाही, धंदा नाही, डोक्यावर ऊन. कित्येकांची डोकी फिरली म्हणे. त्यातून इंग्रजीत वेडं होण्याला शब्दच आला, ‘डूलाली’. 2009 साली पुण्यात याच नावाने क्राफ्ट बिअर सुरू झाली, तेव्हा माझा ऊर उगाच भरून आला होता. आजोळच्या गावाचं भलं झालं बुवा एकदाचं! (आजीला मात्र हे सांगता आलं नसतं.)

तर फळीवरचा पाचवा ग्लास. धुराची बिअर. जर्मनीत बांबेर्ग नावाचं गाव आहे, तिथली ही तऱ्हा. मॉल्ट, म्हणजे मोड आणलेले जव, बीच नावाच्या झाडाच्या लाकडाच्या धुरावर वाळवतात. मी घोट घेतला आणि थांबलो.

देवळालीच्या मागच्या अंगणात तांब्याचा बंब होता. पहाटे मामा त्यात ढलप्या आणि शेंगांची टरफलं सारायचा. धूर डोळ्यांत जायचा, नळ उघडताना बोटं पोळायची, आणि त्या पाण्यालासुद्धा धुराचा वास असायचा. दिवाळीत उटण्याच्या वर तो वास बसायचा. डोकं पुसून झालं तरी केसांत राहायचा, दुपारी झोपताना उशीलाही लागायचा. तीस-पस्तीस वर्षांत मी तो घेतला नव्हता. आणि इथे, एसीत, कोणाच्या तरी वाढदिवसाचा केक कापला जात असताना, तो नेमका पुढ्यात.

मी ग्लास भाच्याकडे सरकवला. ‘हे घे. काही विचारू नकोस, आधी घे.’

त्याने घेतला. मी भुवयांकडे बघत होतो. त्या एकमेकींजवळ आल्या आणि तिथेच थांबल्या.

‘मामा, बार्बेक्यू चिप्स विरघळवल्यासारखं लागतंय.’

‘अरे, बंबातल्या पाण्यासारखं लागतंय!’

‘बंब?’ तो म्हणाला. ‘म्हणजे आग विझवायला येतो तो?’

मी मोबाइलवर फोटो शोधायला लागलो. एक सापडला, पण तो कोणाच्या तरी दिवाणखान्यात कुंडी म्हणून ठेवलेला, वर मनीप्लांट. तो दाखवून काय उपयोग. तोवर भाच्याने ग्लास हळूच माझ्या बाजूला सरकवला होता आणि आंब्याची सायडर मागवली होती.

‘हो,’ मी म्हटलं, ‘तोच. लाल रंगाचा.’