अटलांटिसचा वाद आणि अक्रोतिरीचे पलंग

ग्रीसमधल्या सँटोरिनी बेटाच्या बंदरावरून बस घाट चढायला लागली आणि वादाला तोंड फुटलं: समुद्रात बुडालेलं अटलांटिस बेट नेमकं कुठलं? मी टूर मॅनेजर. ग्रुपमध्ये बहुतेक निवृत्त मंडळी. इतिहासाचे एक सर ठामपणे म्हणाले, "अटलांटिस म्हणजे आपली द्वारकाच." पुढच्या सीटवरच्या काकूंनी विचारलं, "अहो, मग प्लेटोने द्वारकेचं नाव का नाही घेतलं?"

असा वाद रंगला की मला माइक सोडवत नाही. प्लेटो काय लिहितो ते सांगितलं. इ.स.पू. 360 च्या सुमाराचे त्याचे 'टिमेयस' आणि 'क्रिटियस' हे दोन संवाद, अटलांटिसला त्याहून जुना आधारच नाही. बेट जिब्राल्टरच्या पलीकडे, बुडालं अथेन्सचा कायदेकर्ता सोलोन याच्या 9,000 वर्षं आधी. सँटोरिनी म्हणजेच अटलांटिस असं काही जण मानतात, पण इथला ज्वालामुखी फुटला इ.स.पू. 1600 च्या आसपास. गॅलानोपुलोस या ग्रीक भूकंपतज्ज्ञाचा तोडगा असा, की आकडे दहापट फुगलेत, 9,000 चे 900 धरा, म्हणजे काळ साधारण जुळतो.

"काळ बदलायचा, जागाही बदलायची, मग प्लेटोचं उरलं काय?" सर म्हणाले. अगदी माझ्या मनातलं! गर्विष्ठ साम्राज्याला अथेन्स कसं हरवतं हे सांगायला त्याने ते बेट रचलं, असं माझं मत आहे. त्याच्या हयातीतच, इ.स.पू. 373 मध्ये, हेलिके हे ग्रीक शहर भूकंपानंतर एका रात्रीत समुद्राने गिळलं होतं. बेट बुडवायची कल्पना सुचायला तेवढं पुरे.

मग अक्रोतिरी. पुरातत्त्वज्ञ मारिनातोस यांनी 1967 मध्ये राखेखालून उकरायला घेतलेलं गाव. दुमजली-तिमजली घरं, रस्त्याखालून गटारं, वरच्या मजल्यावर संडास. लाकडी पलंग कुजून राखेत पोकळी राहिली होती, तिच्यात प्लास्टर ओतून पलंग जसाच्या तसा उभा केलाय. सर कठड्याला टेकून तोच बघत राहिले.

"माणसं?"

"सांगाडे सापडले नाहीत. आधी भूकंप झाला, लोकांनी ढिगारे उपसायला घेतले आणि मग, बहुतेक वेळेत, निघून गेले. मौल्यवान वस्तूही फारशा मागे नाहीत."

इतका वेळ बेट शोधणारी मंडळी आता माणसं शोधायला लागली. काकू म्हणाल्या, "जवळ क्रीटच, तिकडेच गेले असणार." सरांनी मान हलवली. "उद्रेकाच्या लाटा क्रीटच्याच उत्तर किनाऱ्यावर आदळल्या ना?" परतीच्या बसमध्ये द्वारकेचं नाव कुणी काढलं नाही, नकाशा मात्र शेवटच्या सीटपर्यंत फिरत होता.