वायरिंग सरळच होतं

चाकणजवळच्या एका कारखान्यात आठवड्यातून दोनदा, पहिली पाळी सुटल्यावर, मी कोरियन शिकवते. वर्ग कॅन्टीनमागच्या खोलीत. "मॅडम, लिपीबिपी नको, बोलण्यापुरतं शिकवा," असं मला आधीच बजावलेलं असतं. मी ते ऐकत नाही. कोरियन शब्द देवनागरीत लिहून देणारे तक्ते माझ्या वर्गात चालत नाहीत. त्यांनी उच्चार बिघडतोच, शिवाय पाटी डोळ्यांसमोर असूनही ती वाचता येत नाही.

मेंटेनन्सचे एक फिटर, पन्नाशीला आलेले. पहिल्याच तासाला 'गियक' हे अक्षर बघून म्हणाले, "हा तर विळा." मला इतका आनंद झाला! कोरियात निरक्षर माणसाला असंच म्हणतात: समोर विळा ठेवला तरी गियक ओळखता येत नाही.

तिसऱ्या तासाला स आणि च घेतले. राजा सेजोंगने १४४६ साली ही लिपी जाहीर केली, तेव्हाच्या विवरणात अक्षरांच्या आकारांची कारणं दिली आहेत. स म्हणजे दात. छपरासारख्या दोन तिरक्या रेघा. त्यावर एक आडवी रेघ चढवली की आवाज कडक होतो, च होतो. चहातला च, चाकातला नव्हे. मराठी वर्गात हे एका वाक्यात भागतं.

मग स्वर कुठे बसतो ते. उभ्या रेघेचा स्वर उजवीकडे, आपल्या कान्यासारखा. आडव्या रेघेचा खाली. म्हणजे 'चा' शेजारी-शेजारी उभा राहतो आणि 'सु' एकावर एक. 'दोंग' तर तीन मजली: वर द, मध्ये ओ, तळाला गोल. हाच गोल सुरुवातीला आला तर मुका, तळाला आला तर ङ.

फिटरदादांनी मोबाइल पुढे केला. जुन्या कोरियन प्रेसच्या पॅनेलचा फोटो होता. मध्ये फिरवायचा स्विच, दोन्ही बाजूंना पत्र्यावर कोरलेले शब्द, त्यांच्याखाली कुणीतरी डकवलेले स्टिकर: डावीकडे ऑटो, उजवीकडे मॅन्युअल. दादा बोटाने रेघा मोजत वाचायला लागले.

"छप्पर. वर रेघ नाही, म्हणजे स. खाली आडवी, तिला टेकू... सु. सुदोंग." मग उजवीकडे. "याला रेघ आहे. चा. चादोंग. मॅडम, सुदोंग म्हणजे?"

"हाताने चालवायचं."

"आणि चादोंग?"

"आपोआप."

ते बराच वेळ फोटोकडे बघत राहिले. "स्टिकर उलटे लागलेत. आम्ही तीन वर्षं समजतोय वायरिंगच उलटं आहे. दोनदा पॅनेल खोललं."

नवा पोरगा आला की त्याला पहिल्या दिवशी तोंडी सांगतात म्हणे, ऑटो म्हणजे मॅन्युअल धर. हे वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही. प्रेस आहे ती. ज्याला सांगायचं राहून गेलं असतं, त्याच्या हाताचं काय? सुपरवायझरना विचारलं, तर म्हणाले, "सगळ्यांना माहीत आहे, मॅडम." माहीत असणं आणि वाचता येणं यातला फरक त्यांना पटवायला मी त्या दिवशी कमी पडले. खरा शब्द रोज डोळ्यांसमोर कोरलेला होता, आणि कुणालाही तो वाचता येईल असं कुणाच्या मनातही आलं नाही. त्याच जुन्या विवरणात म्हटलंय की शहाण्याला ही अक्षरं सकाळ सरायच्या आत येतील, मंदालाही दहा दिवसांत येतील. दादांना तीन तास लागले. तेवढे तासही कंपनीला जास्त वाटत होते.

पुढच्या तासाला ते दुसरा फोटो घेऊन आले. लाल बटण, खाली चार अक्षरं. "तुम्ही सांगू नका," म्हणाले, आणि सुरू झाले: "पि... सांग..." तिसऱ्या अक्षराशी अडले. त्यातला अ आणि ऑच्या मधला स्वर मी अजून शिकवलाच नव्हता. मराठी जिभेला तो जड जातो म्हणून मागे ठेवते. आणीबाणीत मशीन थांबवायचं बटण होतं ते. त्या दिवशीचा पाठ बाजूला ठेवून मी फळ्यावर तो स्वर काढला.