आइल ऑफ वाइट चालत फिरताना: मैल कमी मोजले, आइस्क्रीम जास्त

इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्याजवळच्या आइल ऑफ वाइट या बेटावर किनाऱ्याकिनाऱ्याने चालत पूर्ण बेटाची प्रदक्षिणा करता येते, साधारण ७० मैलांचा रस्ता आहे म्हणजे ११३ किलोमीटर, आणि तो सलग करायचा नाही तर उन्हाळ्यातल्या वीकेंडना तुकड्यातुकड्याने करायचा असं आमचं ठरलं. नवऱ्याने लगेच एक्सेल उघडून रोज किती मैल, किती चढ, किती तास असं सगळं मांडलं. मी त्याच शीटमधे एक कॉलम वाढवला, "आइस्क्रीम कुठे", आणि खरं सांगते पुढचं सगळं प्लॅनिंग त्या कॉलमवरच झालं. कारण मैलांवरून दमणूक कळत नाही. लाटा अडवायला बांधलेल्या सपाट सीवॉलवरचे पाच मैल आणि चिखलातले पाच मैल यांचा एकमेकांशी काही संबंध नसतो. पण जिथे बेटावरच्या दुधाचं, बेटावरच बनवलेलं आइस्क्रीम मिळतं तिथे गाव असतं, गाव असलं की बसस्टॉप असतो, टॉयलेट असतं, बसायला बाक असतो. मग तुकडा तिथेच संपवायचा, साधा नियम.

आधी जायचं कसं ते. गाडी फेरीवर चढवून नेली तर तिकीट ऐकून चक्कर येते, त्यामुळे आम्ही गाडी मेनलँडलाच ठेवायचो आणि पायी प्रवासी म्हणून जायचो. पोर्ट्समथहून बेटावरच्या राइड गावाला जायला कॅटामरान म्हणजे जोडबोट आहे, वीसेक मिनिटं लागतात, आणि शेजारच्या साउथसीहून हवेच्या गादीवर तरंगणारं हॉवरक्राफ्ट आहे ते दहा मिनिटांत पोचवतं. हॉवरक्राफ्टचा आवाज भयंकर आहे पण एकदा तरी बसाच, ते पाण्यातून थेट वाळूवर चढून येऊन धपकन बसतं तेव्हा पोरंच काय मोठी माणसंसुद्धा खिडकीला चिकटतात. राइडचा पिअर, म्हणजे समुद्रात लांब गेलेला धक्का, १८१४ सालचा आहे आणि जवळजवळ अर्धा मैल लांब आहे. एवढा लांब का ते ओहोटीला गेलं की लगेच समजतं, पाणी इतकं आत जातं की समोर नुसती वाळूच वाळू. पिअर व्हायच्या आधी लोकांना म्हणे बोटीतून उतरून ती ओली वाळू तुडवत यावं लागायचं. पिअरच्या टोकापासून शँकलिनपर्यंत छोटी रेल्वे आहे, तिचे डबे म्हणजे लंडन अंडरग्राउंडच्या डिस्ट्रिक्ट लाइनवरचे जुने डबे नीट करून इथे आणलेत. बाकी सगळीकडे बस. आम्ही गेलो तेव्हा सिंगल तिकीट जास्तीत जास्त ३ पाउंड होतं, त्यामुळे एका टोकाला बसने जायचं आणि चालत परत यायचं हे परवडतं.

पहिला तुकडा राइड ते सीव्ह्यू आणि पुढे बेंब्रिज, आणि त्याला सासूबाई पण आल्या होत्या. त्या उन्हाळ्यात इथे होत्या आणि सपाट रस्ता आहे म्हटल्यावर मीही येते म्हणाल्या. राइड ते सीव्ह्यू खरंच सपाट आहे, एका बाजूला समुद्र, समोर मोठमोठी जहाजं साउथॅम्प्टनकडे जाताना दिसतात, सत्तरीच्या माणसालाही आरामात जमतं. प्रश्न आला आइस्क्रीमपाशी. "अगं, यात अंडं नाही ना?" हा प्रश्न आपल्यापैकी बऱ्याच जणांच्या घरी असणार म्हणून मुद्दाम लिहिते. इकडे चौदा ॲलर्जन्सची, म्हणजे ॲलर्जी होऊ शकणाऱ्या पदार्थांची, माहिती द्यावीच लागते आणि त्यात दूध आणि अंडं दोन्ही येतात, त्यामुळे काउंटरवर बिनधास्त फोल्डर मागायचा, कोणी वाईट तोंड करत नाही. कस्टर्डवर केलेल्या फ्लेवर्समधे अंड्याचा बलक असतो, काहींमधे अजिबात नसतो, आणि एकाच दुकानात दोन्ही असू शकतात, तेव्हा फ्लेवरनुसार विचारा. "आई, तुम्ही हे घ्या, यात नाहीये," असं मी फोल्डर बघून सांगितल्यावर त्यांनी स्ट्रॉबेरीचा कप घेतला आणि पुढे अर्धा तास त्यावर चर्चा केली, की हे खरं दुधाचं लागतंय, नुसतं फुगवलेलं नाही. बरोबरच आहे. आइस्क्रीम घुसळताना त्यात हवा जातेच, स्वस्त मालात ती भरपूर असते आणि बरेचदा दुधाच्या फॅटऐवजी वनस्पती तेल असतं, आपल्याकडे डब्यावर बारीक अक्षरात फ्रोझन डेझर्ट लिहिलेलं असतं ना तोच प्रकार. लहान प्रमाणावर बनवणारे हवा कमी ठेवतात, त्यामुळे स्कूप छोटा दिसला तरी हाताला जड लागतो.

बेटावरचं सगळ्यात माहितीतलं नाव म्हणजे मिंगेला. राइडमधल्या इटालियन वंशाच्या कुटुंबाने १९५० मधे सुरू केलेलं आइस्क्रीम, आणि त्याच घरातला मुलगा अँथनी मिंगेला पुढे सिनेमा दिग्दर्शक झाला, १९९७ साली ऑस्कर मिळालं त्याला. बेटावर खूप ठिकाणी हे आइस्क्रीम दिसतं. याशिवाय काही डेअरी फार्म आपलं स्वतःचं करतात आणि ते फक्त आसपासच्या दुकानांत मिळतं, ते दिसलं की घ्यायचंच असा माझा हट्ट होता.

आणि सीगल. या कोस्टल पाथच्या निळ्या पाट्यांवर पांढरा सीगलच काढलाय, म्हणजे रस्ता दाखवणारा तोच आणि हातातला आइस्क्रीमचा कोन पळवणारा पण तोच. एक्सेटर विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१९ मधे चिप्सची पिशवी ठेवून बघितलं होतं, तर माणूस रोखून बघत असेल तर हे पक्षी जवळ यायला जास्त वेळ घेतात असं निघालं. आम्ही पाठ भिंतीला लावून बसायचो आणि एकाने खायचं एकाने बघायचं. हसू नका, उपयोग होतो.

बेंब्रिजनंतर कल्व्हर डाउनचा (डाउन म्हणजे इथली खडूची गवताळ टेकडी) चढ आहे, दम काढतो, मग सँडाउन ते शँकलिन परत सपाट सीवॉल, तिथे पावलापावलावर आइस्क्रीम त्यामुळे निवड करणं हेच काम. खरी गंमत शँकलिनच्या पुढे सुरू होते. तिथून बाँचर्च, व्हेंटनॉर आणि पार नाइटनपर्यंतचा पट्टा म्हणजे सरकणारी जमीन आहे. वर खडू आणि वाळूचा दगड, खाली गॉल्ट नावाची निळसर माती, तिला इथले लोक ब्लू स्लिपरच म्हणतात. पावसाचं पाणी वरच्या दगडातून झिरपून त्या मातीपर्यंत जातं आणि मग वरचं सगळं ओल्या साबणावर ठेवलेल्या पाटासारखं समुद्राकडे घसरतं. डिसेंबर २०२३ मधे बाँचर्चला मोठी दरड घसरली, रस्ता आणि पायवाट दोन्ही बंद झाले. म्हणून या भागासाठी छापलेला नकाशा कितीही चांगला असला तरी आदल्या रात्री कौन्सिलच्या साइटवर कुठली वाट बंद आहे ते बघा. डायव्हर्जन जवळजवळ नेहमी वरच्या अंगाला असतं, म्हणजे चढ वाढणार, वेळ वाढणार, बस चुकणार, तेवढा हिशोब धरून निघा.

व्हेंटनॉर मला फार आवडलं. डोंगराला टेकलेलं, दक्षिणेकडे तोंड केलेलं गाव, थंड वारा मागच्या डोंगराने अडतो त्यामुळे इथे इंग्लंडच्या मानाने चांगलंच ऊबदार असतं. पूर्वी छातीच्या रोग्यांचं मोठं हॉस्पिटल होतं इथे, त्या जागेवर आता बोटॅनिक गार्डन आहे. आणि गांधीजी लंडनला बॅरिस्टरी शिकत होते तेव्हा इथे येऊन राहिले होते. आत्मकथेत त्यांनी लिहिलंय की घरमालकिणीची मुलगी त्यांना व्हेंटनॉरच्या टेकड्यांवर फिरायला घेऊन गेली, ती उंच टाचांचे बूट घालून बाणासारखी खाली उतरली आणि हे मधेमधे अक्षरशः रांगत कसेबसे खाली पोचले, ती खाली उभी राहून हसतेय. इथलीच शाकाहाराची सभा, जिथे लिहून आणलेलं भाषणसुद्धा त्यांना उभं राहून वाचता आलं नाही, सोबतच्या मजमुदारांनी वाचलं. डाउनवरून गावात उतरताना माझे गुडघे बोलायला लागले तेव्हा हे आठवून फार बरं वाटलं बघा. खाली एस्प्लनेडवर, म्हणजे समुद्राकाठच्या रस्त्यावर, पोचल्यावर दोन स्कूप घेतले, एकावर कोणाचं भागतंय.

आता अवघड तुकडा. ब्लॅकगँगपासून फ्रेशवॉटर बेपर्यंत दहा-अकरा मैल, मिलिटरी रोडच्या खालच्या अंगाने कड्यावरून. सावली नाही, गाव नाही, एक्सेलमधला माझा कॉलम जवळपास रिकामा. वारा बहुतेक वेळा नैऋत्येकडून येतो, म्हणजे पश्चिमेकडे चालत गेलं की तोंडावर, म्हणून हा तुकडा आम्ही उलटा केला, बसने फ्रेशवॉटर बेला गेलो आणि तिथून पूर्वेकडे चालत आलो. वारा पाठीला घेऊन चालणं आणि छातीवर घेऊन चालणं यात जमीनअस्मानाचा फरक आहे, कोणी गाइडबुकच्या क्रमाने जायला सांगितलं तरी इथे ऐकू नका. कडा इथेही ढासळतोय, कुठेकुठे कुंपणच हवेत लटकताना दिसतं, तेव्हा सेल्फीसाठी काठावर जायचं नाही, आणि खाली बीचवर कड्याला टेकून डबा खायला पण बसायचं नाही. वाटेत कंप्टन बेजवळ हॅनोव्हर पॉइंटला डायनासोरच्या पावलांचे ठसे आहेत, तीन बोटांचे, दगडात. पण ते फक्त ओहोटीला दिसतात, भरतीला गेलात तर नुसतं पाणी बघून यावं लागेल. म्हणून भरती-ओहोटीचं वेळापत्रक आधी आणि बसचं नंतर असा त्या दिवसापुरता क्रम ठेवला. तिथल्या पार्किंगमधे आइस्क्रीमची व्हॅन उभी असली तर नशीब, आम्हाला मिळाली, पण त्यावर विसंबून पाणी कमी नेऊ नका.

फ्रेशवॉटर बे ते नीडल्स हा तीनेक मैलांचा तुकडा कोणाला एकच दिवस असेल तर डोळे झाकून करा. टेनिसन डाउन म्हणजे गवताचा लांबच लांब पाठीचा डोंगर, दोन्ही बाजूंना समुद्र, माथ्यावर कवी टेनिसनच्या स्मरणार्थ १८९७ मधे उभारलेला दगडी क्रॉस. गवत इतकं बारीक आणि मऊ की बूट काढून चालावंसं वाटतं (चालले मी थोडं, मेंढ्यांच्या लेंड्या बघून परत घातले). टोकाला नीडल्स, समुद्रात उभे खडूचे तीन सुळके आणि शेवटी लाल-पांढरा लाइटहाउस. खरं सुईसारखा दिसणारा चौथा सुळका होता तो १७६४ मधे वादळात पडला, त्यामुळे उरलेले तिघं नावाला तसे जागत नाहीत. खाली अलम बेला रंगीत वाळूचे कडे आहेत, मार्कोनीने १८९७ मधे वायरलेस स्टेशन इथेच टाकलं होतं. आइस्क्रीम मिळतं, गर्दी पण मिळते, मला तरी फ्रेशवॉटर बेला शांतपणे बसून खाल्लेलं जास्त चांगलं लागलं. तिथे जवळच ज्युलिया मार्गारेट कॅमेरॉनचं घर आहे, आता संग्रहालय, कलकत्त्यात जन्मलेली बाई, सुरुवातीच्या काळातली मोठी फोटोग्राफर, पाऊस आला तर तिथे शिरा.

यार्मथनंतर काउझपर्यंतचा उत्तरेचा भाग, स्पष्टच लिहिते, समुद्र फार दिसत नाही. न्यूटाउनच्या खाड्या आत घुसल्यात त्यामुळे वाट शेतातून आणि गाडीरस्त्यावरून फिरवून नेतात, आणि माती चिकणी, पाऊस झाला असेल तर एकेका बुटाला किलोभर चिखल. पक्षी बघणाऱ्यांना आवडेल. आम्ही पटकन उरकला. काउझला मेडिना नदी साखळ्यांवर ओढल्या जाणाऱ्या फ्लोटिंग ब्रिजने ओलांडायची, पाचच मिनिटांची मजा पण आहे मजा.

पलीकडे ईस्ट काउझला ऑस्बोर्न हाउस, व्हिक्टोरिया राणीचं घर, १९०१ मधे ती इथेच वारली. सासूबाईंना ते बघायचंच होतं म्हणून तो दिवस चालण्यातून कापला. आतला दरबार हॉल १८९०-९१ मधे पंजाबमधले कारागीर भाई रामसिंग यांच्या डिझाइनने बांधलाय, छतापासून भिंतीपर्यंत प्लॅस्टरमधलं नक्षीकाम, मोर वगैरे. सासूबाई बराच वेळ वर बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "कारागीर आपला, आणि बघायला आपणच तिकीट काढायचं." पुढे बसमधे हाच विषय.

शेवटचा तुकडा क्वार ॲबीवरून राइडला येतो, तिथले बेनेडिक्टाइन साधू डुकरं पाळतात आणि चहाची बाग चालवतात. जायचं असेल तर मे-जून किंवा सप्टेंबर बघा, जुलै-ऑगस्टला शाळांच्या सुट्ट्या असतात आणि फेरीचे दर पण चढतात. ऑक्टोबर उलटला की किनाऱ्यावरच्या बऱ्याच टपऱ्या बंद होतात, बस कमी होतात आणि पाचलाच अंधार पडायला लागतो, चालता येतं तेव्हाही, पण मग एक्सेलमधे माझ्या कॉलमऐवजी "गरम सूप कुठे" असा कॉलम करावा लागेल.