कॅनव्हासच्या तंबूसाठी हलकी शेगडी निवडताना

अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यात एल्क या मोठ्या हरणाच्या शिकारीचा बंदुकीचा हंगाम ऑक्टोबरच्या मध्याला सुरू होतो. आमच्या गटाचा तळ फ्लॅट टॉप्सच्या संरक्षित अरण्यात, सुमारे १०,००० फूट उंचीवर पडतो. अमेरिकेच्या १९६४ च्या अरण्य संरक्षण कायद्यानुसार अशा अरण्यात मोटार तर नाहीच, पण सामान ओढण्याची हातगाडीसुद्धा नेता येत नाही, त्यामुळे सगळे खेचरांच्या पाठीवरून न्यावे लागते. एका खेचरावर साधारण ७० किलो ओझे लादतात आणि ते दोन्ही बाजूंच्या पेट्यांत सारखे वाटलेले असावे लागते. शिकार मिळाली तर एका मोठ्या नराचे हाडे काढलेले मांसच ८०-९० किलो भरते आणि तेही याच जनावरांनी खाली आणायचे असते. म्हणून गटाची लाकडावर चालणारी जुनी, जाड पत्र्याची शेगडी गंजून निकामी झाली, तेव्हा नवी शेगडी हलकीच असावी यावर सर्वांचे एकमत होते. हलकी म्हणजे किती हलकी, हे ठरवण्याचे काम माझ्याकडे आले.

आमचा तंबू १२ फूट बाय १४ फूट असून त्याच्या भिंती ५ फूट आणि आढे साधारण साडेआठ फूट उंच आहे. म्हणजे आत सुमारे १,१०० घनफूट हवा तापवायची असते, आणि कॅनव्हास काही केल्या ऊब धरून ठेवत नाही. शेगडी विझली की थोड्याच वेळात आतले तापमान बाहेरच्या जवळ येते. शेगडीचे काम केवळ उबेचेही नाही. दिवसभर बर्फातून चालून आल्यावर भिजलेले लोकरी मोजे, हातमोजे आणि बुटांचे अस्तर आढ्याखालच्या दोरीवर रात्रीत वाळले नाहीत, तर दुसऱ्या दिवशी पहाटे बाहेर पडणे धोक्याचे ठरते. शिवाय त्या उंचीवर पाणी ९० अंश सेल्सिअसच्या आसपासच उकळते, त्यामुळे तूरडाळ उघड्या भांड्यात शिजता शिजत नाही आणि कुकर लावावाच लागतो. कुकर आणि किटली शेजारी-शेजारी बसतील असा सपाट माथा हवा, ही अट मी पहिल्याच दिवशी लिहून ठेवली.

सर्वांत आकर्षक पर्याय अर्थातच टायटॅनियमचा होता. या धातूची घनता पोलादाच्या सुमारे ५७ टक्के असते आणि पत्रा अतिशय पातळ वापरता येतो, त्यामुळे गुंडाळीच्या धुराड्यासह संपूर्ण शेगडी दोन-तीन किलोंत बसते. गटातल्या एका ज्येष्ठ सोबत्याकडे अशी शेगडी होती. ती त्यांनी मला पाहायला दिली आणि मी ती घरामागच्या अंगणात कडाक्याच्या थंडीत पेटवली. छिलपे घालून काडी लावल्यावर काही मिनिटांतच तिचा पत्रा निळा-जांभळा झाला आणि समोर उभे राहवेना, इतकी आंच येऊ लागली. मात्र अर्ध्या-पाऊण तासात लाकूड संपले आणि ते संपताच पत्रा लगेच गार पडला, कारण इतक्या पातळ पत्र्यात उष्णता साठून राहायला वस्तुमानच नसते. पातळ पत्र्याची ती गुंडाळी कड्यांनी आवळून तिची नळी करणे हेही बोटे गारठलेली असताना वेळखाऊ काम आहे, आणि पत्र्याच्या कडा धारदार असतात. पाठीवर सामान घेऊन एकट्यादुकट्याने फिरणाऱ्याच्या लहान तंबूला ती शेगडी उत्तम आहे, यात मला शंका वाटत नाही. चौघांच्या कॅनव्हासच्या तंबूत मात्र ती रात्रभर चालू ठेवायला एकाला जागेच राहावे लागले असते.

इथे माझ्या ध्यानात आले की, वजनाचा प्रश्न दोन भागांत मांडायला हवा. २४ इंच लांब, १० इंच रुंद आणि १० इंच उंच अशी पोलादी पेटी १ मिलिमीटर पत्र्याची केली तर जेमतेम ६ किलो भरते, आणि तीच ३ मिलिमीटर पत्र्याची केली तर १८ किलोंच्या आसपास जाते. म्हणजे वजन वाढते ते मुख्यतः जाडीमुळे, तर लाकूड किती वेळ जळेल हे बरेचसे पेटीच्या लांबीवर आणि दारे-झडपा किती घट्ट बसतात यावर ठरते. पेटी लहान करून वजन वाचवले तर झोप जाते, आणि लाकडाचे बारीक तुकडे करण्यात संध्याकाळ जाते. जाडी कमी करून वाचवले तर शेगडीचे आयुष्य थोडे घटते, पण तिचा तळ सांभाळला तर तेही फारसे नाही. त्यासाठी तळात इंचभर वाळू किंवा कोरडी माती पसरतात, म्हणजे निखारे थेट पत्र्यावर राहत नाहीत. ही वाळू मुक्कामाच्या जागीच मिळते, तिचे ओझे वाहावे लागत नाही.

शेवटी मी १ मिलिमीटर पोलादी पत्र्याची, सपाट माथ्याची, २४ इंच लांबीची शेगडी घेतली. पाच इंच व्यासाच्या धुराड्याचे पाचही तुकडे एकमेकांत सरकून शेगडीच्या पोटात मावतात, आणि सगळे मिळून वजन १२ किलोंच्या आत राहते. बाजूला अडकवायची पाण्याची टाकी आणि फळी मी मुद्दाम घेतली नाही. खेचराच्या एका पेटीत शेगडी आणि दुसऱ्या पेटीत भांडी व कुकर, असा तोल बरोबर साधतो.

धुराड्याबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण घेणाऱ्यांचे लक्ष बहुधा शेगडीवर असते आणि त्रास मात्र धुराड्यापायी होतो. लहानपणी आंघोळीचा बंब ज्याने पेटवला असेल, त्याला धूर ओढून नेण्यासाठी नळी उंच आणि सरळ का हवी हे सांगावे लागणार नाही. १०,००० फुटांवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे ७० टक्केच असतो, त्यामुळे तिथे धुराड्याची ओढ कमी पडते आणि एखादी फूटभर जास्तीची नळी बरीच मदत करते. नळीचे तोंड आढ्याच्या वर निघालेले हवे, नाहीतर ठिणग्या पाख्यावर पडून कॅनव्हासला भोके पाडतात. कापडावर अग्निरोधक प्रक्रिया केलेली असली तरी ते जळत नाही असे समजू नये. तोंडावर ठिणग्या अडवणारी जाळी लागतेच, पण ती काजळीने तुंबते, म्हणून मी ती रोज सकाळी शेगडी गार असताना काढून झटकतो. नळ्या जोडताना वरच्या नळीचे खालचे टोक खालच्या नळीच्या आत बसले पाहिजे, म्हणजे ओल्या लाकडातून सुटणारे डांबरासारखे काळे पाणी बाहेर न ओघळता आतूनच खाली येते. नळ्या जस्ताचा मुलामा नसलेल्या निवडाव्यात, कारण फार तापल्यावर जस्ताची वाफ होते आणि ती श्वासात गेली तर ताप भरतो.

नवी शेगडी पहिल्यांदा उघड्यावर पेटवून तिच्यावरचे तेल आणि रंग जाळून घेतले. मग तंबू अंगणात उभा करून कॅनव्हासमधल्या धुराड्याच्या झरोक्याची जागा, नळीचा व्यास आणि भिंतीपासूनचे अंतर तपासले. आम्ही पत्र्यापासून कापडापर्यंत दोन फूट जागा मोकळी ठेवतो आणि झोपायच्या पिशव्या समोरच्या बाजूला लावतो, म्हणजे दाराकडची वाट शेगडीमुळे अडत नाही.

तळावर आम्ही लॉजपोल पाइन आणि ॲस्पेन या झाडांचे पडलेले, वाळलेले लाकूड वापरतो. ॲस्पेन लवकर पेटते व लवकर संपते, म्हणून ते संध्याकाळी. झोपताना पाइनचे जाड ओंडके घालून खालची झडप थोडीच उघडी ठेवली की तीन-साडेतीन तास निखारे टिकतात. त्याहून जास्त वेळ हवा म्हणून झडप पुरती बंद करू नये. हवेवाचून लाकूड धुमसते, नळीत काजळी साचते आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो, ज्याला वास नाही की रंग नाही. बॅटरीवर चालणारे त्याचे सूचक यंत्र आम्ही झोपलेल्या माणसाच्या डोक्याच्या उंचीवर टांगतो, आणि भिंतीच्या तळाशी एका बाजूला हवा येण्याइतकी फट कायम ठेवतो. रात्री मधून एकदा उठून लाकूड घालावे लागते. आम्ही पाळ्या लावून घेतल्या आहेत.

कोरडा हंगाम असला तर वनखात्याकडून आगीवर निर्बंध येतात आणि तंबूतली शेगडीही त्यात येऊ शकते, म्हणून निघण्याच्या आदल्या दिवशी स्थानिक कार्यालयात फोन करून विचारतो. निघताना राख आणि वाळू काढून टाकतो, आणि घरी परतल्यावर नळ्या तारेच्या ब्रशने घासतो आणि पत्र्याला आतून-बाहेरून खाद्यतेलाचा पातळ हात देतो. पातळ पत्र्याला आगीइतकाच धोका गंजाचा असतो, आणि तो गोदामात पडून असलेल्या दहा-अकरा महिन्यांतच लागतो.