टॅबला आलेली कणकण

मे महिन्यात सांगलीत गार असं काही उरत नाही. दुपारी नळाला गच्चीवरच्या टाकीतलं पाणी येतं, त्यात भांडी घासायलाही हात धजत नाही. अशात भाचा गोधडीवर लोळून टॅबवर गाड्यांच्या शर्यती खेळतो, चार्जर लावलेलाच. आईनं टॅब उचलला आणि म्हणाली, "अगं बाई, ह्याला कणकण आलीय बघ. फ्रिजात ठेव की घटकाभर."

फ्रिज नको. गारठलेला टॅब या उकाड्यात बाहेर काढला की काचेवर दव धरतं, आणि आतल्या भागांवरही धरू शकतं.

प्रोसेसरमध्ये गेलेली वीज शेवटी जवळजवळ सगळी उष्णता होऊनच निघते. लॅपटॉपला निदान पंखा असतो. टॅबच्या चपट्या पोटात त्याला जागा नाही. मग उष्णता ग्राफाइटच्या पातळ थरांतून, धातूच्या पाठीतून पसरत हवेत जाते. म्हणजे पाठ तापलीय याचा अर्थ उष्णता बाहेर पडतेय. बाहेरची हवाच तापलेली असली, की ती सावकाश पडते. आयपॅड 35 अंशांपर्यंतच्या हवेत वापरावा असं ॲपल सांगते. आमच्याकडे मार्च-एप्रिलमध्येच पारा त्याच्या पुढे जातो! त्यात खाली गोधडी आणि वर जाड रबरी कव्हर म्हणजे वाटच बंद. शहाबादी फरशी कितीतरी बरी.

मला मात्र गंमत वाटते ती पुढच्या गोष्टीची. चिप नव्वदेक अंश निभावून नेते. आपला तळहात पंचेचाळीसलाच तक्रार करतो, आणि बॅटरीचं आयुष्यही उष्णतेनं लवकर सरतं. म्हणून टॅबमधले सेन्सर पाठ फार तापायच्या आधीच प्रोसेसरला सबुरीनं घ्यायला लावतात. वेग उतरला की व्होल्टेजही उतरवता येतं, आणि वीज व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात लागते. त्यामुळे वेगात थोडी माघार घेतली तरी उष्णतेत बरीच बचत होते. तेवढ्यानं भागलं नाही तर स्क्रीन मंद होते, चार्जिंग हळू होतं किंवा थांबतं. अगदीच टोकाला गेलं तर इशारा दाखवून यंत्र काम बंद करतं. न कुरकुरता एवढं करणारं दुसरं यंत्र आमच्या घरात नाही. मिक्सर तर आधी जळका वास सोडतो.

"मामा, टॅब लॅग होतोय!" भाच्याची ओरड.

"तुझा हात भाजू नये म्हणून होतोय," मी म्हणालो. "कव्हर काढ, चार्जर काढ, आणि फरशीवर ठेव."

कव्हर निघालं, चार्जर निघाला. गोधडी मात्र त्यानं सोडली नाही. फरशी टोचते म्हणे.