तुम्ही विचारलंत म्हणून

प्रश्न एकच असतो, विचारणारे बदलतात. नाताळची उपासना संपते, चर्चच्या आवारात चहा फिरायला लागतो आणि कुणीतरी खांद्यावर हात ठेवतं, "काय पाळकसाहेब, अजून सुट्टीवरच का?" आत्याबाई असं आडून विचारत नाहीत. "अमेरिकेला जाऊन शिकलास, दीक्षा घेतलीस, आणि सोडलंस? त्या सेमिनरीवाल्यांनीच विश्वास मारला ना तुझा?" इतकी वर्षं मी हसून वेळ मारून नेली. यंदा लिहूनच पाठवतो. एकदा वाचा आणि मग मला चहा पिऊ द्या.

आधी सेमिनरीचं, म्हणजे पाळक घडवणाऱ्या विद्यालयाचं. मी अमेरिकेत ज्या ल्यूथरन सेमिनरीत शिकलो तिचं नाव घेत नाही. तिच्या वसतिगृहात आता भाडेकरू राहतात एवढंच सांगतो. ती एकटी नाही. गेटिसबर्गची सेमिनरी १८२६ची. तिथलं शिक्षण ऑग्सबर्गच्या विश्वासपत्राला, म्हणजे ल्यूथरनांच्या मूळ जाहीरनाम्याला, पुरेसं धरून नाही, अशी तक्रार करून १८६४ साली काही लोकांनी फिलाडेल्फियात दुसरी काढली. २०१७ साली दोन्ही एक झाल्या. भांडण मिटलं म्हणून नव्हे, एकटीला खर्च झेपेना म्हणून. बर्कलीची टेकडीवरून उतरून गावातल्या इमारतीत आली. शिकागोच्या सेमिनरीने आपली इमारत शेजारच्या विद्यापीठाला विकली. कोलंबसची पुन्हा कॉलेजच्या पोटात गेली.

तुमचं म्हणणं असं की उदारमत शिरलं आणि घर पोखरलं. मग मिझुरी सिनडचं, अमेरिकेतल्या त्या कडव्या ल्यूथरन चर्चचं, काय? त्यांनी १९७४ साली सेंट लुईसच्या सेमिनरीच्या अध्यक्षांना निलंबित केलं, तेव्हा बहुतेक प्राध्यापक आणि विद्यार्थी चालत बाहेर पडले. जाताना हिरवळीवर स्वतःच्या नावाचे पांढरे क्रूस रोवून गेले. म्हणजे तुम्हाला हवी ती साफसफाई तिथे पन्नास वर्षांपूर्वीच झाली. त्यांचे सभासद तेव्हा २८ लाखांच्या आसपास होते, आता १८ लाखांच्या खाली आहेत. आमचं चर्च, ई.एल.सी.ए., १९८८ साली तीन ल्यूथरन चर्चं मिळून झालं तेव्हा ५२ लाखांच्या घरात होतं, आता ३० लाखांच्या आत. आमची घसरण जास्त, हे कबूल. पण उतार एकच आहे.

हा उतार कसला, तर शेतं मोठी झाली, शेतकरी कमी झाले. घरातलं एक पोर शहरात गेलं, दुसरं त्याहून मोठ्या शहरात. पाळक व्हायचं तर चार वर्षं: ग्रीक, हिब्रू, एक उन्हाळा हॉस्पिटलात रोग्यांपाशी, एक अख्खं वर्ष एखाद्या मंडळीत उमेदवारी. एवढं कर्ज काढून शिकायचं आणि जायचं कुठे, तर पगार द्यायला पुरेसे लोक उरलेले नाहीत अशा गावात. कोण येणार?

हे सगळं मी अनेकदा सांगितलंय आणि प्रत्येक वेळी आत्याबाई म्हणतात, "हे झालं हिशेबाचं. मी तुझं विचारलं."

तर माझं. पहिल्या वर्षी पंचग्रंथाच्या, म्हणजे बायबलातल्या पहिल्या पाच पुस्तकांच्या, वर्गात शिकवलं की ही पाच पुस्तकं एकट्या मोशेच्या हातची नाहीत, अनेक हातांनी, अनेक शतकांत लिहिली गेली. शेजारचा मुलगा त्या रात्री रडला. मला सुटल्यासारखं वाटलं. शाळेपासून मनात दाबून ठेवलेले प्रश्न विचारायला परवानगी मिळाली होती. तेव्हा विश्वास मेला का? नाही, मला तर तो मोठा झाल्यासारखा वाटला. पण त्या वर्गात जे शिकलो ते वेदीपाशी उभं राहून कधी बोललो का? नाही. तिथल्या बहुतेकांनी दोन भाषा शिकून घेतल्या, एक वर्गातली, एक उपदेशाची. दोन्हींची गाठ पडू दिली नाही. याला आम्ही 'पाळकीय शहाणपण' म्हणत असू.

२००३ साली मला मिनेसोटाच्या दक्षिणेला, मक्याच्या शेतांत उभं असलेलं एक चर्च मिळालं. लोक नॉर्वेतून आलेल्यांचे पणतू. आजोबा फोनवर विचारायचे, "ल्यूथरन म्हणजे आपलेच ना रे?" आपण मूळचे अमेरिकन मराठी मिशनचे, १९७०नंतर सी.एन.आय., म्हणजे चर्च ऑफ नॉर्थ इंडियाचे; त्यांना हो म्हणून सांगितलं. सहा वर्षं बरी गेली. मग ऑगस्ट २००९. आमच्या चर्चच्या मिनियापोलिसच्या अधिवेशनात लैंगिकतेवरचं निवेदन ६७६ विरुद्ध ३३८ मतांनी मंजूर झालं. बरोब्बर दोन-तृतीयांश, एक मत इकडचं तिकडे गेलं असतं तर पडलं असतं. त्याच दुपारी वादळ येऊन शेजारच्या चर्चच्या मनोऱ्यावरचा क्रूस मोडला, आणि आमच्या गावात लोकांना आयता अर्थ मिळाला. दोन दिवसांनी समलिंगी जोडीदारासोबत निष्ठेने राहणाऱ्यांसाठी पाळकपदाची वाट मोकळी झाली.

हे न पटलेल्या एखाद्या गावच्या मंडळीला ई.एल.सी.ए.मधून बाहेर पडायचं तर दोनदा मतदान, मध्ये किमान ९० दिवस, दोन्ही वेळा दोन-तृतीयांश. आमच्याकडे पहिलं मतदान पार पडलं. दुसरं जानेवारीत. त्या तीन महिन्यांत दोन्ही बाजूंचे लोक माझ्या स्वयंपाकघरात बसून गेले. मी प्रत्येकाला कॉफी दिली आणि म्हटलं, मी सगळ्यांचाच पाळक आहे.

माझं मत होतं. मला तो ठराव बरोबर वाटत होता, आजही वाटतो. हे मी कुणालाच सांगितलं नाही.

मतदानाच्या सकाळी उणे पंचवीस होतं. एका बाजूच्या लोकांनी वृद्धाश्रमातून व्हॅन भरून म्हातारी माणसं आणली. एक आजीबाई मागे राहिल्या, त्यांना घ्यायला मी गेलो. वय ९१. जर्मन आणि नॉर्वेजियन दोन्हीत ल्यूथरची लहान प्रश्नोत्तरी पाठ, हे त्या गर्वाने सांगत. गाडीत बसल्यावर काही वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "पास्टर, मी काय मत देऊ?"

मी म्हटलं, "तुमच्या सदसद्विवेकबुद्धीला पटेल ते द्या."

हे मी विचार करून बोललो होतो. ल्यूथर १५२१ साली वर्म्सच्या सभेत सम्राटापुढे उभा राहिला आणि म्हणाला, सदसद्विवेकबुद्धीविरुद्ध वागणं सुरक्षितही नाही आणि योग्यही नाही. परीक्षेत लिहावं तसं उत्तर तयारच होतं.

आजीबाई खिडकीतून बाहेर बघत राहिल्या. म्हणाल्या, "त्याची बुद्धी देवाच्या वचनाला बांधलेली होती. म्हणून तर तुला विचारतेय, वचन काय म्हणतं. ते शिकायला आम्ही तुला तिकडे पाठवतो ना? तू ग्रीक शिकलास. मी कॉफी करायला शिकले."

चर्च तीन मैल होतं. तेवढ्या वेळात मला सगळं बोलता आलं असतं. समलिंगी संबंधांविषयीच्या पौलाच्या त्या शब्दांचा अर्थ काय आणि त्यावर वाद का आहेत, मला काय वाटतं, मी कुठे चुकत असेन. तिने ऐकून घेतलं असतं आणि कदाचित माझ्याविरुद्ध मत दिलं असतं. मी म्हटलं, "हीटर वाढवू का?"

मतं पडली १४१. बाहेर पडायला पाहिजे होती ९४, मिळाली ९२. आणि एक कोरी चिठ्ठी, ती मोजली नाही. ती तिचीच असं मी धरून चाललोय, विचारलं कधीच नाही. तिने बाहेर पडण्याच्या बाजूने मत दिलं असतं तरी ठराव पडलाच असता, कारण मग ९५ लागली असती. हा हिशेब मी इतक्यांदा केलाय की आता पाठ झालाय.

हरलेली बाजू तरीही निघून गेली, जवळजवळ सगळी. जुन्या हार्डवेअरच्या दुकानात त्यांची उपासना सुरू झाली. आजीबाई मार्चमध्ये गेल्या. त्यांच्या घरचे तिकडे गेले होते, अंत्यविधी तिकडच्या पाळकाने केला. मी सर्वांत मागच्या रांगेत बसलो. कुणी उठवलं नाही, कुणी पुढेही बोलावलं नाही.

२०११ साली मी तुम्हाला पत्र लिहिलं होतं, दादाकडे असेल अजून. 'देव छाटणी करतोय,' असं त्यात होतं. 'योहानाच्या पंधराव्या अध्यायात म्हटल्याप्रमाणे फांदी छाटली की फळ जास्त येतं.' तो लिहिणारा मुलगा मला आज भेटला तर मी त्याला विचारेन, किती फळ आलं बाबा? उरलेल्या मंडळीला पूर्ण पगाराचा पाळक परवडेना. मग अर्धवेळ, मग तीन चर्चना मिळून एक. २०१२च्या उन्हाळ्यात मी राजीनामा दिला आणि आता शाळेच्या बसगाड्यांचं वेळापत्रक बघतो. बसगाड्या वेळेवर सुटतात.

तेव्हा सेमिनरीने विश्वास मारला का, आत्याबाई? मला वाटतं आम्ही तिथे शिकलेलं तोंडातच ठेवलं, त्याने मारला असेल. पण मिझुरीवाले तर तोंडाने स्पष्ट बोलत होते, आणि तेही ओसरतायत. आणि तुम्ही लगेच इथिओपियाचं काढाल. हो, मेकाने येसुस चर्च, एक कोटीच्या वर ल्यूथरन, आणि २०१३ साली त्यांनी आमच्या चर्चशी संबंध तोडले तेही याच ठरावापायी. याला माझ्याकडे उत्तर नाही. तिथे एवढं फोफावतंय ते त्या कडक शिकवणीमुळे की तिच्यासोबत आलेल्या आणखी कशामुळे, हे आत्याबाईंना माहीत असेल तर त्यांनी मला सांगावं.

मी अजून प्रार्थना करतो का, हेही विचारून घ्या, म्हणजे पुढच्या वर्षी नको. करतो. रोज नाही. कुणी ऐकतंय असं वाटतं तेव्हा जास्त वेळ, वाटत नाही तेव्हा पाठ असलेली.

२२ डिसेंबरला पोचतोय. यंदा तरी उपदेशासाठी नाव घालू नका. शास्त्रवाचन दिलंत तर करेन. यशयाचं द्या, लूक दरवर्षी दादाच मागून घेतो.