सरकारी खर्चातली ममी

इजिप्तचे सरकारी पैशातले जुने सिनेमे बघण्यासारखे आहेत का, असं तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. इजिप्तच्या जुन्या सिनेमांचा विषय निघाला की कुणी ना कुणी म्हणतंच, "सरकारनं काढलेले ना? मग प्रचारच असणार."

शंका रास्त आहे. कैरोत आधी सगळा खासगी मामला होता. बँक मिस्र या इजिप्तच्या बँकेचे संस्थापक तलअत हर्ब यांनी १९३५ साली स्टुडिओ मिस्र उभारला. गाणी, नाच, रडारड, वर गायिका उम्म कुलसूमचा आवाज! हा माल अरब जगात इतका खपला की कैरोची बोली दूरदूरच्या अरबांच्या कानात बसली. १९६० मध्ये राष्ट्राध्यक्ष नासर यांनी बँकेचं राष्ट्रीयीकरण केलं, पाठोपाठ स्टुडिओही सरकारजमा. साठच्या दशकात सरकारच निर्माता झालं. कादंबरीकार नजीब महफूजसुद्धा काही काळ त्या सरकारी चित्रपट खात्यात अधिकारी होते. कारभार तोट्याचाच, आणि सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला तो गुंडाळला.

पण त्याच तोट्यात दिग्दर्शक शादी अब्देल सलाम यांचा 'अल-मूमिया' (म्हणजे 'ममी', १९६९) निघाला. १८८१ ची हकिगत. डोंगरातल्या गुप्त जागी राजांच्या ममी दडलेल्या, आणि एक कुटुंब तिथला ऐवज चोरून विकतंय. बाप गेल्यावर पोराला हे कळतं. गंमत म्हणजे सगळे बोलतात प्रमाण, ग्रांथिक अरबीत. आपल्या गावकऱ्यांनी चावडीवर संस्कृतप्रचुर मराठी झाडावी तसं. ना गाणं, ना घाई. कुठला शेठ यात पैसा घालेल? सरकारनं घातला. आणि तरीही तो इजिप्तच्या थिएटरात लागायला १९७५ उजाडलं. शादींचा दुसरा कथापट मात्र झालाच नाही. प्राचीन इजिप्तचा राजा अखेनातेन याच्यावरच्या पटकथेत वर्षं गेली, १९८६ मध्ये ते वारले.

प्रचाराच्या शंकेला माझं खरं उत्तर दमास्कसचं आहे. सीरियाच्या सरकारी चित्रपट संस्थेच्या पैशातून इजिप्तच्याच तौफीक सालेह यांनी १९७२ मध्ये 'अल-मख्दूऊन' (म्हणजे 'फसवले गेलेले') हा सिनेमा केला. तीन पॅलेस्टिनी रिकाम्या पाण्याच्या टँकरमध्ये लपून कुवेतकडे निघालेत. सीमेवरचे कारकून ड्रायव्हरची थट्टा करत कागद अडवून बसतात. बाहेर ऊन रणरणतंय. आतली माणसं टाकीवर धडका मारतात, पण कचेरीतल्या एसीच्या घरघरीत त्या कुणाला ऐकू जात नाहीत.

याची बिलं कुठल्या तरी सरकारी कारकुनानंच मंजूर केली असतील.